भिंतीतली धामण

२९ जून, रविवार

आजपासून परड्याची वही वेगळी केली. अभ्यासाच्या वहीत मधेच बेडूक येत होते, ते मलाच बरं दिसेना. सांगलीच्या कॉलेजात विनोदिनी मॅडम आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्यांचा एक नियम होता: पाहिलं ते एकीकडे लिहायचं, वाटलं ते दुसरीकडे. दोन्ही मिसळलं की नोंद रद्द. बी.एस्सी. होऊन वर्ष झालं. परीक्षा दोन दिल्या, दोन्हींत थोडक्यात राहिले. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. त्यामुळे मी दुपारची घरात दिसले की आबांना काय वाटत असेल, ते मला न सांगता कळतं. (हे 'वाटलं' बाजूचं.)

परडं म्हणजे घरामागची दोन गुंठ्यांची पट्टी. न्हाणीचं पाणी जातं तिथं अळू आणि केळी, मधे आईचा दोडक्याचा मांडव, एक शेवगा, एक अंजीर, डावीकडं म्हशीचा गोठा. उजवीकडं छातीला लागेल एवढी दगडांची भिंत, माती न घालता नुसती रचलेली. पलीकडं थोरल्या चुलत्यांचं, आप्पासोंचं परडं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आबांचं आणि त्यांचं तीन वर्षांपूर्वी वाजलं, तेव्हापासून त्या भिंतीवरून एक शब्द गेलेला नाही. मधे आप्पासोंची बायको, थोरली आई, वारली. आबा स्मशानात जाऊन आले, अंघोळ केली आणि तसेच उसाला पाणी पाजायला गेले. आता पलीकडं थोरले आणि त्यांची सून अंकिता वहिनी, एवढेच. तिचा नवरा शिवतेजदादा फौजेत, जम्मूकडं आहे.

आज पाहिलं: अंजिराची दोन पानं शिवून शिंपी पक्ष्यानं घरटं केलंय, आत तीन अंडी. रांजणाखाली बेडूक, दोन. तुळशीच्या कट्ट्याच्या फटीत सापसुरळी. पलीकडं वहिनीचं दहा महिन्यांचं बाळ दुपारभर रडत होतं. वहिनी पंधरा दिवस तापानं पडून होती म्हणे.

(बाळ या वहीत बसत नाही. लिहून गेले, आता खोडत नाही.)

३ जुलै, गुरुवार

सकाळी साडेआठ. अळूत सरसर झालं. मुंगूस असेल म्हणून वाकले.

पाहिलं: साप. पिवळसर तपकिरी, माझ्या मनगटाएवढा जाड, मोठे डोळे, जबड्यावर काळ्या उभ्या रेघा. मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि दगडी भिंतीत गेला. त्या भिंतीत मधोमध एक दगड नाही. नारळ आरपार जाईल एवढं भोक आहे, मला कळतंय तेव्हापासून आहे. त्याच्या खालच्या फटीत गेला. शेपूट आत जायला बराच वेळ लागला.

धामण. रेघा पाहिल्या म्हणून नक्की लिहिते. विषारी नाही.

वाटलं: तीन वर्षं हिची चित्रं काढून मार्क घेतले आणि खरी समोर आल्यावर तोंडातून आवाज फुटेना.

घरात कुणाला सांगितलं नाही. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं का, यावर अर्धा तास गेला. कुणी विचारलं तर खरं सांगायचं, असं ठरवलं. मग अभ्यासाला बसले.

५ जुलै, शनिवार

शेवग्याच्या बुंध्याशी कात सापडली. टेपनं मोजली, सात फूट एक इंच. कात निघताना ताणली जाते, तेव्हा साप सहाच्या आसपास धरावा.

मोजताना आईनं पाहिलं. वाटलं आता ओरडणार. तिनं कात हातात घेतली, उजेडाकडं धरली आणि कुठून निघाली ते विचारलं. भिंतीतून म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. भोकापासून किती लांब, वरनं येती का खालनं, पहाटे हिंडती का. चावत नाही ना, हे तीन वेळा विचारलं. धामण उजाडल्यावर हिंडते, चावली तरी विष नाही, असं मी सांगितलं. मग म्हणाली, अंधारात कुणी भोकात हात घातला तर? मी म्हटलं, अंधारात तिथं हात कोण कशाला घालेल.

आईनं कात माझ्या हातात परत दिली. आबांना एवढ्यात सांगू नको म्हणाली.

वाटलं: आईलाही धामण आवडली. या घरात माझ्या शिक्षणातली एक तरी गोष्ट कुणाला तरी आवडली. फार बरं वाटलं.

९ जुलै, बुधवार

आबा डेअरीतून आले ते तणतणतच. सोनी म्हशीचं सकाळचं दूध पाच लिटर ठरलेलं. गेले दहा दिवस साडेचारच भरतंय. वैरण तीच, पेंड तीच. धार आई काढते, म्हणून त्यांनी आईला विचारलं. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "धामण लागली असंल. परड्यात हाय. संयूनं बघितलीया."

कानाखाली बसल्यासारखं झालं. माझ्याच नोंदीनं माझी धामण धरून दिली.

आमच्याकडं सगळे मानतात की धामण गोठ्यात येते, म्हशीच्या मागच्या पायांना वेटोळं घालते आणि सडाला तोंड लावते. मी सांगितलं, सापाला चोखायला ओठ नसतात, तो दूध पीत नाही, धामण उंदीर खाते आणि उंदीर आपल्या कणगीतला शाळू खातात. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोनीला इचारलंस व्हय?"

पंचमी जवळ आलीय, आता साप मारला तर म्हातारीकोतारी बोलतील, म्हणून पंचमी जाऊ द्यायची. तीसला, बुधवारी, साप काढणाऱ्या धुळाला बोलवून भिंत उपसायची, धामण निघाली की ठेचायची, आणि त्या जागी विटांची सात फूट भिंत घालायची. मुंगी जाईल एवढी फट ठेवायची नाही. सात फूट कशासाठी, हे मी विचारलं नाही. धामण एवढी उंच चढणार असेल तर ती सात फुटांवरही चढेल. हे बोलायला हवं होतं, पण सुचलं आत्ता.

आईची भाकरी करपली. आईची भाकरी कधी करपत नाही.

१० जुलै, गुरुवार

आबांना सांगितलं की धामण मारणं गुन्हा आहे, कायदा आहे. ते म्हणाले, "मग मला जेलात घालतीस व्हय?"

नाही म्हणायला हवं होतं. पण मी तक्रार करणारच नाही असं मला खात्रीनं सांगता येईना, म्हणून गप्प बसले. आबांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला आणि ताटावरून उठले.

पलूसच्या सर्पमित्राला फोन केला, विश्वजीत नाव. तो म्हणाला की धामण असेल तर राहू द्या, दुसरीकडं सोडली तर जगेलच असं नाही. पंचमीच्या आसपास ते सगळे बत्तीस शिराळ्याला बंदोबस्तावर असतात, पाच-सहा दिवस येता येणार नाही. तोवर काठी कुणाच्या हातात देऊ नका, असंही म्हणाला. काठी मला विचारून कोण हातात घेतंय.

१३ जुलै, रविवार

उपाय सापडला. धामणीवर आरोप आहे, तर पुरावा काढायचा. पहाटे धार काढल्याबरोबर गोठ्यातच दूध मापायचं. तिथंच साडेचार भरलं तर म्हशीच्या तब्येतीचं कारण शोधता येईल. पाच भरलं, तर कमी होतंय ते नंतर, आणि नंतरच्या दुधाशी धामणीचा संबंधच नाही. आबांना हे पटलं. पटल्याचं बोलले नाहीत, पण माप काढून दिलं.

आईनं मला गोठ्याच्या दारातच अडवलं. धारेचं दूध गोठ्यात मापलं की नजर लागते, म्हस आटते, तिच्या माहेरी असं कधी कुणी केलं नाही. असं काही नसतं म्हटलं, तर जन्मात पहिल्यांदा माझ्या हातातलं भांडं तिनं हिसकावून घेतलं. "लय शिकलीस," म्हणाली. "माझ्या म्हशीला माप लावू नगंस."

रडले. मग स्वतःची लाज वाटली. एवढी वर्षं मी आईला अंधश्रद्धाळू कधी म्हटलं नव्हतं. आज मनात म्हटलं. इथं लिहिते म्हणजे त्याला तरी पळवाट नको.

१७ जुलै, गुरुवार

शिंपिणीची पिल्लं निघाली. तीन अंडी, दोन पिल्लं.

पहाटे पावणेसहाला खिडकीतून आई भिंतीकडं जाताना दिसली, पदराखाली काहीतरी. उठून विचारलं तर म्हणाली, पंचमीपर्यंत धामणीला रोज दूध ठेवायचा नेम धरलाय. आधी तिच्यावर आळ घेतला, आता तिलाच नैवेद्य. मी तिला परत सगळं समजावलं: साप दूध पीत नाही, पाजलं तर आजारी पडतो. ती ऐकत होती, एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या फिरवत. शेवटी म्हणाली, पीत असंल न्हाईतर नसंल, माझ्या मनाला बरं वाटतं.



पलीकडचं बाळ हल्ली रडत नाही. तेवढीच अभ्यासाला शांतता.

२४ जुलै, गुरुवार. अमावस्या

हे लिहायचं नव्हतं. पण नोंद लपवली तर मॅडमना तोंड दाखवता येणार नाही.

पाहिलं: सकाळी साडेसहाला भोकाच्या खालच्या दगडावर दुधाचे पाच-सहा थेंब. त्यांना मुंग्या. दूध ठेवलेलं भांडं नाही. आईला विचारलं तर रिकामं झालं म्हणून उचलून आणलं म्हणाली. सगळं रिकामं झालं? सगळं. रोज होतं? रोज.

मांजर नाही, मांजराला त्या भोकात नीट उभं राहता येत नाही. मुंगूस दूध पीत असेल का, माहीत नाही.

वाटलं: पुस्तक चुकीचं असलं तर? पुस्तक लिहिणाऱ्यानं आमच्या परड्यातली धामण पाहिली होती का? मी काय पाहिलंय, एक शेपूट आणि एक कात. आबांनी सत्तावीस वर्षं म्हशी पाळल्या. आणि मी त्यांना ओठ नसतात म्हणून सांगते.

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. मॅडमना फोन लावला. त्या हसल्या नाहीत, हे मी विसरणार नाही. एवढंच म्हणाल्या, "संयोगिता, दूध जातंय हे तू पाहिलंस. कोण पितंय ते पाहिलंस का?"

२८ जुलै, सोमवार

आज भावाचा उपवास. आई दोन मामांसाठी धरते, मी शिवतेजदादासाठी धरत आलेय. भांडणानंतरही सोडला नाही. आबांना माहीत आहे, त्यावर ते बोलत नाहीत.

दुपारी विटांचा ट्रॅक्टर आला. धुळा भिंत बघायला आला होता. गावात कुणाच्याही घरात साप निघाला की धुळाला बोलावतात; एरवी तो आमच्याकडं उसाची कामं करतो. भिंतीभोवती फिरून, वाकून, वास घेऊन आला आणि म्हणाला की जनावर आत हाय, आणि चांगलं पोसलंय. आबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू कोर्टानं निकाल दिला. मी धुळाला विचारलं, दूध पिताना तू धामण कधी बघितलीस का. त्यानं टोपी मागं सारली. म्हणाला, बघितली न्हाई ताई, पर मी दूध काढताना तुमच्या आईला बी कवा बघितलं न्हाई, तरी चहा तर मिळतोय.

सगळे हसले. मी पण. आई नाही हसली.

उद्या पहाटे कोण पितंय ते पाहणार. पाहिलं तर परवा वाचवता येईल.

२९ जुलै, मंगळवार. पंचमी

साडेपाचला अंजिरामागं जाऊन बसले. फांद्यांखाली ओल होती, पाय बधिर झाले. सगळं पाहिलं बाजूचं आहे, म्हणून जसं पाहिलं तसं.

पावणेसहाला आई गोठ्यातून आली. पदराखाली वाटी नव्हती, तांब्या होता. ती भोकापाशी वाकली आणि दगडावर बोटानं दोनदा वाजवलं. पलीकडून एक हात आत आला. हिरवा चुडा, मेंदी नवी. त्या हातानं तांब्या घेतला. आई वाकून उभीच. जरा वेळानं तांब्या परत आला, त्यात लाह्या. आईनं चार लाह्या तोंडात टाकल्या, उरलेल्या पदराच्या टोकाला बांधल्या. मग भोकात हात घालून तो हात एकदा धरला आणि सोडला. एक शब्द नाही.

मी तिथंच बसून राहिले. सगळं एका पाठोपाठ एक लागत गेलं. अंधारात हात घातला तर. माझ्या म्हशीला माप लावू नगंस. न रडणारं बाळ. थोरल्यांची म्हैस उन्हाळ्यात आटली हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तापात वहिनीचं दूध गेलं असणार आणि पिशवीचं दूध बाळाला सोसत नसणार. महिनाभर सगळं माझ्या वहीत होतं, मीच लिहिलेलं, आणि मी मुंगसाचा विचार करत होते.

आई त्या दिवशी धामणीचं नाव घेऊन बसली, कारण आबांनी विचारलं आणि तिला उत्तर द्यायचं होतं. ते एक उत्तर आता पहार घेऊन भिंतीवर येतंय.

आता माझ्याकडं पुरावा आहे. असा पुरावा की आबा एका शब्दात भिंतीपासून बाजूला होतील. आणि तो देता येत नाही. मी सांगितलं तर आबा आईला काय बोलतील ते मला माहीत आहे. तीन वर्षांत त्या घराचं नाव काढल्यावर ते काय बोलतात ते ऐकलंय. आणि पाजायचं बंद होईल. न सांगितलं तर उद्या धामण मरते आणि भोकही बुजतं, म्हणजे पाजायचं तरीही बंद होतं.

दुपारी बायका वारुळाला गेल्या, फेर धरला. मी पण गेले. आईनं वारुळाला हात जोडले तेव्हा तिचे ओठ हलत होते. तिनं काय मागितलं, मला कळलं.

हे पान आबांच्या हाती पडलं तर? आबा अक्षर अक्षर लावून वाचतात. फाडावं असं वाटलं. फाडणार नाही. वही आज दप्तरात, कुलूप लावून.

ठरवलंय. खोटं बोलायचं नाही. खरं सांगायचं नाही. आणि भिंतीपासून उठायचं नाही.

३० जुलै, बुधवार

आजचं आजच लिहायचं.

धुळा सातला आला. त्याच्या आधीच मी भिंतीला पाठ लावून, भोकाच्या बरोबर खाली मांडी घालून बसले होते. दगड गार होते. पाठीमागं धामण असेल, हे मनात आलं आणि बरं वाटलं, आम्ही दोघी होतो म्हणून.

आबा आले. ऊठ म्हणाले. उठणार नाही म्हटलं. ते म्हणाले, लोक बघतायत. शेजारची दोन पोरं खरंच केळीपाशी उभी होती. मी म्हटलं बघू देत. आबांचा आवाज चढला.

"एवढं शिकवलं ते ह्याच्यासाठी?"

"व्हय. ह्याच्यासाठीच."

आवाज फाटला माझा, पण शब्द पूर्ण झाले. आबांना उलट बोलायची माझ्या आयुष्यातली ही पहिली वेळ. धुळा पहारेवर रेलून म्हणाला, मालक, पोरीसकट उपसायची असंल तर मजुरी येगळी. आबांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

मग आबा माझ्यासमोर उकिडवे बसले. चढलेला आवाज एकदम खाली आला. त्याची मी तयारी केली नव्हती. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

"बरं," म्हणाले. "तू शिकलेली हाईस. धामण पीत न्हाई म्हणतीस. मग अर्धा लिटर जातंय कुठं, एवढं सांग. आत्ता धुळाला माघारी धाडतो."

एका वाक्याचं काम होतं. तोंडात आलंही.

"मला माहीत हाय," मी म्हटलं. "सांगणार न्हाई."

"का?"

"ते माझं न्हाई सांगायचं."

 आबा उठले आणि धुळाला म्हणाले, वरच्या थरापासनं घे. धुळानं पहार उचलली, पण पाय उचलला नाही. माझ्या डोक्यावर दगड येईल म्हणाला. आबांनी माझं मनगट धरलं. मी दुसऱ्या हातानं भोकाची कड पकडली.

तेवढ्यात आई गोठ्यातून आली. हातात तांब्या, पदराखाली नाही. सगळ्यांच्या देखत परडं ओलांडून ती भिंतीपाशी आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि भोकाकडं वाकली नाही. तांब्या भिंतीच्या वर धरला.

"अंकिता," तिनं हाक मारली. पूर्ण आवाजात, जशी शेतात मारते तशी. "ये गं. दूध घे."

आबांचा हात माझ्या मनगटावरून सुटला.

पलीकडं आधी काहीच हललं नाही. मग वहिनी आली, कडेवर बाळ. तिनं आबांना पाहिलं आणि पदर सावरला, पण मागं फिरली नाही. बाळानं दोन्ही हात तांब्याकडं केले. ते कशाला घाबरत नव्हतं, त्याला रोजचं होतं.

"घे," आई म्हणाली. "आता वाकायला नगं."

मग ती आबांकडं वळली. ती रडेल असं वाटलं होतं. ती रागावलेली होती.

"ह्यो दगड थोरलीनं काढला हुता. मला हिवताप झालता, ही सात म्हैन्याची. आपली म्हस आटलेली. रोज पाटंचा तांब्या यायचा हितनं. तुमी तवा इचारलं न्हाई, दूध कुठनं येतंय."

मला हे माहीत नव्हतं. बावीस वर्षं मी त्या भोकाकडं भिंतीचा दोष म्हणून बघत होते.

आबा उभे. विटांचा ढीग त्यांच्या मागं.  धुळानं पहार खांद्यावर घेतली, काठी काखेत मारली आणि अगदी गंभीर तोंडानं विचारलं, "मालक, धामण तर गावली. आता कसं करायचं म्हणता?"

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली आणि चहा न घेता शेताकडं गेले.

मनगटावर चार बोटांची खूण आहे. नोंद म्हणून लिहिते, तक्रार म्हणून नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आबा चार दिवस फक्त सोनीशी बोलतात. आम्हाला काही सांगायचं असेल तर तिला सांगतात: सोने, आज खुरपायला दोन माणसं हायत, डबा जादा करायला सांग. आई सोनीलाच उत्तर देते. सोनी रवंथ करते.

मी आईची माफी मागितली, अंधश्रद्धाळू म्हणाल्याबद्दल. कवा म्हणालीस, असं तिनं विचारलं. मनात म्हटलं होतं असं सांगितलं. ती म्हणाली, मनातलं बी येऊन सांगतीस, तुझ्या सासरच्यांचं कसं हुयाचं. मग तिनंही माफी मागितली. माझी नाही. भिंतीपाशी जाऊन, धामणीची. तुझ्यावर उगं घातलं म्हणाली.

तांब्या भिंतीच्या वरून जातो. वेळ आता सातची, चांगल्या उजेडात. आबा घरात असले तरी.

१४ ऑगस्ट, गुरुवार

विटा पडून आहेत. त्यांच्या ढिगात सापसुरळी राहायला आली, तुळशीच्या कट्ट्यातलीच का दुसरी ते नक्की नाही. शिंपिणीची पिल्लं उडाली. धामण बेचाळीस दिवसांनी दिसली, सकाळी नऊला, तोंडात उंदीर. आबा दारात दात घासत होते. ती त्यांच्यापासून पाच हातांवरून गेली. आबांनी पाय बाजूला घेतला. बाकी काही नाही.

थोरल्यांशी आबा अजून बोलत नाहीत. थोरलेही नाहीत. पण काल थोरल्यांनी भिंतीवर चार शेवग्याच्या शेंगा ठेवल्या होत्या. आमच्या परड्यात शेवगा असताना. आबांनी त्या बराच वेळ बघितल्या आणि आईला, सोनीला नाही, म्हणाले की आमटी कर.

आज संध्याकाळी डेअरीचा शंभूराज वाटेवर गाडी थांबवून आबांशी बोलत होता. मी उंबऱ्यात होते, आई माझ्या मागं. तो म्हणाला, आता तर सव्वाचारच की आबा, ती धामण मारली न्हाई वाटतं.

आबांनी तंबाखू मळली. घाई केली नाही.

"हाय की," म्हणाले. "पिती. पिऊ दे. वाढतं अंग हाय तिचं."

मी तोंड उघडलं. धामण दूध पीत नाही, तिला चोखायला ओठ नसतात, हे सांगायला मी सव्वा महिना भांडले होते. मागून आईनं माझी वेणी धरली आणि हलकेच ओढली. मी तोंड मिटलं. माझ्या देखत एक धडधडीत चुकीची नोंद डेअरीत गेली, उद्यापर्यंत ती गावभर होईल आणि मी काही करणार नाही.

या वहीत मात्र खरंच लिहिणार. धामण दूध पीत नाही. बाळ पितं. सोमवारपासून पाऊण लिटर.